सळईचं मूळ

रुस्तावीत, आमच्या पाच मजली इमारतीच्या मागे
कुणाच्याच कागदावर नसलेला जमिनीचा एक तुकडा आहे.
तिथे मी मांडव घालतोय द्राक्षाला.
बारा मिलिमीटरच्या सळ्या, अर्ध्या दुकानातल्या,
अर्ध्या पाडलेल्या गॅरेजमधून उपसलेल्या,
वळ्यांमध्ये अजून सिमेंट दडवून बसलेल्या.

नाझिब्रोला इटलीत असते, बारीला.
एका म्हाताऱ्या बाईला आंघोळ घालते,
तिची नखं कापते, तिच्या मुलांची नावं तिला आठवून देते.
रविवारी फोनवर विचारते, खांब सरळ आहेत का?
मी फोन जरा तिरका धरतो,
म्हणजे खांब सरळ दिसतात.

पहिल्या आठवड्यात मी मुखवटा न लावता
"एकच टाका" म्हणून डाग दिला.
रात्री डोळ्यांत वाळू. पापण्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या.
त्या रविवारी कॅमेरा बिघडलाय असं सांगितलं.

मग घाई नडली.
अंधार पडत होता, सांधा लाल होता,
मी बादली ओतली.
चर्र झालं, वाफ झाली, बरं वाटलं.
सकाळी खांबाला नुसता हात लावला
आणि तो सुटून आला, कडी न लावलेल्या दारासारखा.
मोडलेल्या जागी साखरेसारखे चकचकीत दाणे.

उशांगी तिसऱ्या मजल्यावरून बघत होता.
सत्तावीस वर्षं भट्टीपाशी काढलेला माणूस,
आता गुडघे त्याला जिना उतरू देत नाहीत,
म्हणून तो ओरडतो.
"काय जोडतोयस, ठाऊक आहे?"
"सळई."
"सळई कसली! ट्रामचे रूळ, कुणाच्या खाटेच्या स्प्रिंगा,
फुटके टब, एकदा तर अख्खं टपालखान्याचं कुंपण.
मिळेल ते ओतायचो आम्ही.
नदीला मूळ विचारू नये. सळईला विचारावं.
आणि ती सांगणार नाही."

"मग?"

"मग सगळ्यात वाईट घराण्यातली आहे असं धरून चालायचं.
आधी शेकायची. रॉड कोरडे ठेवायचे, ओव्हनमध्ये, बायको नाहीये ना घरी?
जोडलीस की झाकायची,
आणि तिला एकटीला सोडून द्यायचं."

संध्याकाळी त्याच्या खिडकीतून दोरीला बांधलेली
राखेची बादली खाली आली.
तळाशी, राखेत अर्धवट पुरलेले, दोन भाजलेले बटाटे.

काळ्या काचेमागे सगळं जातं:
इमारत, कपड्यांच्या दोऱ्या, फोनची वाट.
उरतो डाळीएवढा ओला उजेड
आणि तो ओढत न्यायचा हात.
माझा हात थरथरतो. उजेडही थरथरतो.
हातोडीनं खपली उडवली की खाली जे असेल ते असेल.
बहुतेकदा चिमणीनं केलेलं असतं तसलं काहीतरी.
पण धरून राहतं.

सप्टेंबरात ती आली, अकरा दिवसांसाठी.
वेल गुडघ्याएवढा. सावली रुमालाएवढी.
तिनं मांडवाला एक फेरी घातली,
खोट काढणाऱ्या गिऱ्हाइकासारखी,
आणि जाडजूड सांध्यावर थांबली.
"हे काय सुजलंय?"
"तिथं मोडला होता."
"कधी?"
"कॅमेरा बिघडला होता ना, त्याच्या पुढच्या आठवड्यात."
तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सांध्याकडे.
तळहात ठेवला तिथे,
म्हातारीच्या कपाळावर ठेवत असेल तसा, ताप बघायला.

एका कोपऱ्यात वीतभर सळई
कापायची राहून गेली होती.

वरून उशांगीचा आवाज आला,
"पुरती गार झाली का रे? मगच वजन टाका!"

तोवर तिनं तिला आपली पर्स अडकवली होती.